टॉवर लांब, फोन कानाशी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात काकू एकटी राहते. मुलगा मुंबईत, मुलगी पुण्यात. रोज रात्री जेवण आटोपलं की दोघांपैकी कोणाचा तरी फोन येतो आणि काकू पडवीतल्या एका ठरावीक खांबापाशी जाऊन उभी राहते. घरात दुसरीकडे कुठेच रेंज येत नाही. त्या खांबापाशी एक दांडी दिसते, तीही अधूनमधून जाते. आवाज तुटक येतो म्हणून काकू फोन कानावर घट्ट दाबून धरते. पाऊण तास, कधी तास. गेल्या गणपतीत मी शेजारीच बसलो होतो. बोलणं संपल्यावर तिनं फोन माझ्या हातात दिला, तर तो चांगलाच तापला होता. "दुपारी पुरता चार्ज केलेला. बघ आता किती उरलंय," ती म्हणाली. अठरा टक्के उरलं होतं.

त्याच महिन्यात ठाण्याला बहिणीकडे गेलो, तर त्यांच्या सोसायटीची सभा होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता आणि लोक घाबरले होते. एका आजींचा नातू अवघा चार महिन्यांचा. त्याच्या खोलीची खिडकी नेमकी टॉवरकडे उघडते. बोलताना त्यांचा आवाज कापत होता. दीड तास चर्चा झाली, टॉवर हटवण्यासाठी पत्र द्यायचं ठरलं. पण ज्या फोनमुळे तो टॉवर लागतो, त्या हातातल्या फोनविषयी कोणी एक वाक्यही बोललं नाही.

त्या आजींची भीती मला कळते. तरीही मला विचाराल तर जास्त काळजी काकूची करायला हवी. तिच्यापासून सगळ्यात जवळचा टॉवर डोंगराच्या पलीकडे आहे, आणि काळजीचं कारण तेच आहे.

फोनवर बोलणं म्हणजे दोन्ही बाजूंनी हाक देणं असतं. टॉवर आपल्याकडे लहरी पाठवतो, आणि आपला फोनही टॉवरकडे लहरी पाठवतो. शेतात बांधापलीकडच्या माणसाशी आपण हळू बोलतो. तोच माणूस ओढ्याच्या पार असला की हाळी द्यावी लागते. फोनचं तसंच आहे. टॉवर जवळ असेल आणि मध्ये अडथळा नसेल, तर टॉवरच फोनला सांगतो की आवाज खाली आण, एवढ्यावर भागतंय. फोन ताबडतोब शक्ती कमी करतो, कारण त्यात त्याची बॅटरीही वाचते. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर, जाड भिंती किंवा लोखंडी पत्रा असेल, तर फोन कमाल शक्तीवर जातो. २जीच्या ९०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ही कमाल शक्ती क्षणापुरती २ वॅट असते. आठातला एकच कालखंड फोनच्या वाट्याला येतो, म्हणून सरासरी पाव वॅटच्या आसपास पडते. ४जीचा फोन साधारण ०.२ वॅटच्या वर जात नाही, आणि चांगल्या रेंजमध्ये तर त्याच्या अगदी थोड्या भागावर त्याचं काम चालतं. म्हणजे एकाच फोनवर, तेवढाच वेळ बोलूनही, ठाण्यातल्या बहिणीच्या डोक्याशी जेवढ्या लहरी येतात त्याच्या कितीतरी पट काकूच्या डोक्याशी येतात. बॅटरी भराभर उतरते, ती याचीच खूण. एखाद्या जागी फोनची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरू लागली, तर तिथे फोन हाळी देतोय असं समजावं.

एक खुलासा इथेच करतो. कानाला जो गरमपणा जाणवतो तो लहरींचा नसतो. फोनच्या आतले भाग आणि बॅटरी तापते, शिवाय कानावर काच दाबून धरल्यानं कातडीची उष्णता बाहेर पडत नाही. लहरींमुळे डोक्याच्या आत होणारी वाढ एखाद्या दशांश अंशाच्या घरातली असते, ती माणसाला जाणवत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. समईपासून दूर जावं तसा उजेड फिका होतो, तशाच लहरीही झपाट्यानं विरळ होतात. ढोबळ हिशेब असा की अंतर दुप्पट केलं की चौथा हिस्सा उरतो, दहापट केलं की शंभरावा. कानापासून दोन सेंटीमीटरवर असलेला फोन वीस सेंटीमीटरवर नेला, म्हणजे एक वीतभर लांब धरला, की डोक्याकडे येणाऱ्या लहरी शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येतात. अगदी अंगालगत हा हिशेब तंतोतंत लागत नाही, पण दिशा हीच. पैसे न मोजता मिळणारं याहून मोठं संरक्षण मला माहीत नाही.

आता या लहरी करतात तरी काय? 'रेडिएशन' हा शब्द ऐकला की आपल्या मनात अणुबॉम्ब आणि क्ष-किरण येतात. मोबाईलच्या लहरी त्या जातीच्या नाहीत. क्ष-किरणांच्या एकेका कणात रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून ते पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतात. मोबाईलच्या लहरीच्या कणाची ऊर्जा साध्या उजेडाच्या कणाच्याही काही लाखाव्या हिश्श्याइतकी असते. असे कितीही कण आले तरी त्यांना रेणू फोडता येत नाही. त्यांचा पक्का ठाऊक असलेला परिणाम एकच: पुरेशा तीव्रतेनं पडल्या तर त्या शरीरातल्या पाण्याला गरम करतात. सगळे सुरक्षा नियम या एका परिणामावर उभे आहेत.

फोनसाठीच्या नियमाचं माप म्हणजे 'एसएआर', मराठीत विशिष्ट शोषण दर. शरीराचा एक किलो भाग किती वॅट शोषून घेतो, ते यात मोजतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे, आणि सरासरी काढायची ती फक्त एक ग्रॅम ऊतींवर. युरोपात ती २ वॅट प्रति किलो असून सरासरी दहा ग्रॅमवर काढतात. म्हणजे आपला नियम जास्त कडक आहे. चाचणीची पद्धत बघण्यासारखी असते. माणसाच्या डोक्याचा पोकळ साचा घेतात आणि त्यात मेंदूसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात. पाणी, मीठ आणि साखर यांपासूनही असा द्रव करता येतो. फोन साच्याच्या गालाशी टेकवून कमाल शक्तीवर चालू ठेवतात आणि यंत्राचा हात एक बारीक सळई त्या द्रवात बिंदू बिंदू फिरवत शोषण मोजतो. सर्वांत जास्त भरलेला आकडा हाच त्या फोनचा एसएआर.

तुमच्या फोनचा आकडा बघायचा असेल तर फोन लावायच्या पडद्यावर क्रमानं तारा, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बहुतेक फोनवर लगेच आकडे दिसतात: एक डोक्याजवळचा, एक अंगाजवळचा. काही फोनमध्ये सेटिंग्जमधल्या कायदेशीर माहितीत शोधावं लागतं. फोन घेताना हा आकडा बघा, १.६ च्या आत आहे याची खात्री करा आणि मग तो विसरून जा. ०.९ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा सुरक्षित, असं धरून जादा पैसे मोजू नका. तो आकडा कमाल शक्तीवरचा आहे. रोजच्या वापरात तुम्ही कुठे उभं राहून बोलता आणि फोन कुठे धरता, यानं पडणारा फरक त्या दोन आकड्यांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. मात्र ज्या फोनवर कंपनीचं नाव, आयएमईआय क्रमांक, एसएआरचा आकडा यांतलं काहीच धड नाही, तो फोन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याची चाचणी झालीय की नाही हे कळायला मार्ग नसतो.

नियम आहेत म्हणून देखरेख सोडून चालत नाही, हे फ्रान्समध्ये दिसलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं आयफोन १२ ची विक्री थांबवली. हातात किंवा खिशात धरल्यासारखी चाचणी केली, तेव्हा ४ वॅट प्रति किलोच्या मर्यादेऐवजी ५.७४ भरले होते. अ‍ॅपलनं तिथल्या फोनसाठी सॉफ्टवेअर बदलून दिलं. तो आकडा इजा होण्याच्या पातळीच्या बराच खाली होता, कारण मर्यादा ठरवतानाच मोठी मोकळीक ठेवलेली असते. तरीही बाजारातला फोन उचलून पुन्हा तपासणारं कोणी असावं, हे मला मोलाचं वाटतं.

आता ज्या प्रश्नासाठी बहुतेक वाचक हा लेख वाचत असतील, त्या प्रश्नाकडे येतो: यानं कॅन्सर होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे. मे २०११ मध्ये तिनं रेडिओलहरी '२ ब' या गटात घातल्या. या गटाचा अर्थ 'कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, पुरावा तोकडा आहे' असा. आपल्याकडे याची बातमी 'मोबाईलनं कॅन्सर होतो' अशी पसरली. तंबाखू आणि दारू पहिल्या गटात आहेत, तिथे पुरावा पक्का आहे. '२ ब' गटात आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्या आहेत आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. या निर्णयामागचा एक मोठा आधार तेरा देशांत झालेला 'इंटरफोन' अभ्यास होता. त्यात सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्के लोकांत, म्हणजे एकूण १६४० तासांहून जास्त बोललेल्यांत, ग्लायोमा नावाच्या मेंदूच्या गाठीचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. बाकीच्यांत दिसलं नाही. पण लोकांना दहा वर्षांपूर्वी आपण किती आणि कोणत्या कानानं बोलत होतो, हे आठवून सांगायचं होतं. गाठ झालेला माणूस त्या बाजूचा कान जास्त आठवतो. या अडचणीकडे संशोधकांनी स्वतःच बोट दाखवलं होतं.

त्यानंतर बरंच काम झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात तपासले होते. मोबाईल वापरणं आणि मेंदूचा कर्करोग यांत त्यांना संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. मुलांविषयीचा 'मोबी-किड्स' हा अभ्यास १४ देशांत झाला, त्यात भारतही होता. १० ते २४ वयाच्या मुलामुलींत वाढलेला धोका त्यात दिसला नाही. आणि एक साधी गोष्ट: गेल्या तीस वर्षांत मोबाईल घराघरांत पोचला, पण जिथे कर्करोगाची नोंद नीट ठेवली जाते अशा देशांत मेंदूच्या गाठींचं प्रमाण त्याबरोबर चढत गेलेलं नाही.

पुरुषांच्या प्रजननक्षमतेविषयी चित्र थोडं कमी स्पष्ट आहे. स्वित्झर्लंडमध्ये २८८६ तरुणांचा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण कमी आढळलं. पण फोन पँटच्या खिशात ठेवण्याशी त्याचा संबंध लागला नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत ठळक असलेला हा दुवा पुढे फिका होत गेला. कदाचित जुन्या २जी फोनची शक्ती जास्त होती म्हणून. कदाचित सतत फोनवर असणाऱ्यांच्या राहणीमानातच काही वेगळं असेल. यावरून घाबरण्याचं कारण नाही. खिशातला फोन बॅगेत ठेवायला मात्र काहीच खर्च नाही.

माझं मत सांगतो. आजचा पुरावा धीर देणारा आहे, आणि तो धीर घरातल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचला पाहिजे. फोनला भिऊन मुलांशी बोलणंच कमी करणारी माणसं मी पाहिली आहेत, ते नुकसान खरं आहे. त्याच वेळी आजच्या आठ वर्षांच्या मुलीपुढे सत्तर वर्षांचा वापर पडला आहे आणि एवढ्या लांबीचा अभ्यास अजून कोणाच्याही हाती नाही. म्हणून ज्या सवयींना खर्च नाही आणि ज्यांचे दुसरे फायदेही आहेत, त्या लावून घ्याव्यात. भीतीपोटी नको, गॅसचा कॉक झोपताना बंद करतो तशा सहज.

पहिली सवय फोन कानापासून सोडवण्याची. दोन मिनिटांचं बोलणं असेल तर कसंही बोला. त्याहून लांबणार असेल तर इअरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला. वायरचा साधा इअरफोन चांगलाच. ब्लूटूथचाही चालतो, त्याची शक्ती काही सहस्रांश वॅट एवढीच असते. फक्त इअरफोन लावून फोन पुन्हा छातीच्या खिशात घालू नका, नाहीतर डोक्यावरचं काढून काळजाशी ठेवल्यासारखं होतं. फोन समोर टेबलावर, कठड्यावर ठेवा. आणि इथे मला कळकळीनं सांगायचंय: रस्त्यानं चालताना, दुचाकीवर आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना कानात काहीही नको. लहरींचा धोका अजून शोधावा लागतोय. न ऐकलेल्या गाडीचा धोका शोधावा लागत नाही.

दुसरी सवय रेंज बघून बोलण्याची. एकच दांडी दिसत असेल तर "नंतर करतो" एवढं सांगून फोन ठेवा आणि खिडकीशी, अंगणात, गच्चीत जाऊन पुन्हा लावा. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये, कसाऱ्याच्या घाटातल्या गाडीत, कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या रांगेत फोन सतत टॉवर शोधत असतो. डब्याचा पत्रा लहरी अडवतो आणि गाडी पुढे जाते तसे टॉवर बदलत राहतात. तिथे लांबलचक गप्पा मारण्याऐवजी संदेश टाकावा. लिहिलेला संदेश जायला क्षणभर पुरतो, आणि तेव्हा फोन डोक्यापासून हातभर लांब असतो. फोन लावल्यावर पहिले काही सेकंद तो कानाला न लावणंही बरं, कारण जोडणी होत असताना, विशेषतः २जीवर, तो जोरात सुरू होतो. समोरच्यानं उचलला हे पडद्यावर दिसलं की मग कानाशी न्यावा.

ज्यांच्या घरातच रेंज नाही पण ब्रॉडबँड आहे, त्यांनी वायफाय कॉलिंग सुरू करून घ्यावं. सेटिंग्जमध्ये एकदा चालू केलं की नेहमीच्याच नंबरवरून फोन घरातल्या राउटरमार्फत लागतो. फोनला डोंगरापलीकडे हाळी द्यावी लागत नाही, शेजारच्या खोलीतल्या राउटरशी कुजबुजून भागतं. राउटरची स्वतःची शक्ती ०.१ वॅटच्या आसपास असते आणि तो आपल्यापासून काही मीटरवर असतो, त्याची धास्ती बाळगायचं कारण नाही.

तिसरी बाब फोन ठेवण्याच्या जागेची. आपल्याकडे बायका फोन ब्लाउजमध्ये खोचतात, बाजारात आणि शेतात तर सर्रास. कारण उघड आहे: कपड्यांना खिसा नसतो आणि फोन हरवण्याची भीती असते. त्यांना नावं ठेवण्यापेक्षा गळ्यात अडकवायची छोटी पिशवी शिवून द्यावी, तीही जरा खाली लोंबेल अशी. अंगाजवळचा एसएआर मोजताना फोन बहुधा अंगापासून काही मिलीमीटर लांब ठेवलेला असतो. अंगाला चिकटलेल्या फोनसाठी तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. घामानं आणि उष्णतेनं बॅटरी फुगण्याचा धोका आहेच.

ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांच्यासाठी ही सूचना नाही, नियम आहे. फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवा, त्या बाजूच्या खिशात कधीही घालू नका, दुसऱ्या बाजूच्या कानानं बोला. अलीकडच्या काही फोनमध्ये, कव्हरांत आणि चार्जरमध्ये लोहचुंबक असतो. तो जवळ आला तर पेसमेकरच्या कामात फरक पडू शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना आपल्या फोनचं मॉडेल दाखवून विचारून घ्यावं.

रात्री फोन उशीखाली नको. नुसता पडून असलेला फोन अधूनमधून क्षणभरच टॉवरला आपली खबर देतो, त्यामुळे लहरींच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट नाही. पण उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन तापून पेट घेऊ शकतो, आणि जवळ असला की मध्यरात्री हात त्याच्याकडे जातो. गजराचं साधं घड्याळ आणा, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा किंवा फ्लाइट मोडवर टाका. घरात आजारी माणूस असेल आणि फोन चालू ठेवणं भाग असेल, तर आवाज मोठा करून लांब ठेवा.

मुलांची कवटी पातळ असते, डोकं लहान असतं. काही भागांत शोषण मोठ्यांपेक्षा जास्त होतं. लहान मुलाला आजी-आजोबांशी बोलायला देताना स्पीकर लावावा, कानाला चिकटवू नये. त्याला गोष्टी किंवा गाणी लावून द्यायची असतील तर आधी डाउनलोड करून फ्लाइट मोडवर द्या. मग फोन लहरी टाकत नाही. अर्थात मुलांच्या बाबतीत मला झोप, डोळे आणि खेळणं हरवण्याची काळजी लहरींपेक्षा जास्त वाटते, पण तो वेगळा विषय आहे.

बाजारात 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर, चिप, लॉकेट मिळतात. एक रुपयाही घालू नका. फोनच्या पाठीला चिकटवलेलं स्टिकर लहरी खरंच अडवत असेल, तर फोनची रेंज जाईल आणि तो शक्ती वाढवेल. अडवत नसेल, तर पैसे वाया गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनु आयोगानं गोमयापासून केलेली चिप पुढे आणली आणि ती रेडिएशन कमी करते असं सांगितलं, तेव्हा शेकडो वैज्ञानिकांनी पत्र लिहून पुरावा मागितला होता. असा पुरावा मागायची सवय आपल्यालाही लागली पाहिजे.

आणि आता ठाण्याच्या त्या आजींकडे. टॉवरवरच्या अँटेनाचा झोत दीपगृहासारखा समोर आडवा जातो, किंचित खाली झुकलेला. थेट खालच्या मजल्यावर त्याचा फारच थोडा भाग येतो, त्यात मध्ये सिमेंटचा स्लॅब असतो. काळजी घ्यायची ती अँटेनाच्या नेमक्या समोर, त्याच उंचीवर, जवळ असलेल्या घरांची. दूरसंचार विभागाच्या सूचनांत यासाठी अंतरं दिली होती: समोर एक अँटेना असेल तर इमारत किमान २० मीटर लांब हवी, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५. सप्टेंबर २०१२ मध्ये टॉवरसाठीची मर्यादाही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. ९०० मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटरला ४.५ वॅटच्या जागी ०.४५ वॅट. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांच्यासारखे लोक आधीपासून याविषयी बोलत होते. त्यांचे सगळे निष्कर्ष मी मान्य करत नाही, पण लोक बोलले म्हणून या विषयाकडे लक्ष गेलं, हे खरं.

म्हणून सोसायटीला माझं सांगणं असं होतं: पत्र हटवण्यासाठी देण्याआधी मोजणी मागा. दूरसंचार विभागानं मे २०१७ मध्ये 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. आपल्या भागातले टॉवर आणि ते मर्यादेत आहेत का, हे तिथे बघता येतं. ठरावीक शुल्क भरून, सुरुवातीला ते चार हजार रुपये अधिक कर होतं, आपल्या घराजवळ मोजणीही करून मागता येते. शक्य असेल तेव्हा मोजणीच्या वेळी सोसायटीच्या दोघातिघांनी हजर राहावं आणि मोजणारं यंत्र त्या बाळाच्या खोलीत धरायला सांगावं. आकडा मर्यादेबाहेर आला तर भांडा, जोरात भांडा. आत आला तर हेही लक्षात घ्या की टॉवर गेला की इमारतीतले सगळे फोन त्याहून लांबच्या टॉवरला हाळी देऊ लागतील, आणि तो जोर कानाशी लागेल. बाळाच्या आईचा फोनही त्यातलाच, बाळ मांडीवर असताना कानाला लावलेला.

चिमण्यांचा मुद्दाही त्या सभेत निघाला होता. शहरांतल्या चिमण्या कमी झाल्या हे खरं आहे. पण २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' अहवालात देशभरातली चिमण्यांची संख्या एकंदरीत टिकून असल्याचं दिसलं, आणि टॉवरशी त्याचा संबंध जोडणारा पक्का पुरावा नाही. घरटं करायला वळचण नाही, पिलांना भरवायला किडे नाहीत, या कारणांवर आपण काही करू शकतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकूसाठी वायरचा इअरफोन नेला. पहिले दोन दिवस तिला तो कानातून पडेल असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी मी खांबापासून हातभर लांब, कठड्यावर फोनसाठी एक उलटं मडकं ठेवलं. त्यावर फोन उभा राहतो आणि रेंजची ती एक दांडीही टिकते. आता काकू खुर्चीत बसून बोलते. परवा मी फोन केला, तर मागून शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. "दोन्ही हात मोकळे आहेत ना," ती म्हणाली, "उद्याची शेंगदाण्याची चटणी आत्ताच होऊन जाईल. तू बोल."